नात्यांची पात्रयोजना

'३६ चौरंगी लेन'मधली व्हायोलेट स्टोनहॅम आपल्या भावाला भेटायला वृद्धाश्रमात जाते. एडी त्याचं नाव. थकलेला म्हातारा. दोघांची भाषा एक, आठवणी एक, एकटेपणही एकाच जातीचं. व्हायोलेट झाली आहे जेनिफर केंडल. एडी झाले आहेत जेफ्री केंडल. जेफ्री हे जेनिफरचे वडील. दोघांच्या वयात जवळपास पाव शतकाचं अंतर. पडद्यावर मात्र ते सख्खे भाऊबहीण आहेत आणि बघताना ते क्षणभरही खटकत नाही.

त्याच चित्रपटात तरुणपणीची व्हायोलेट दिसते, ती जेनिफरची मुलगी संजना. निर्माता जेनिफरचा नवरा, शशी कपूर. दिग्दर्शिका अपर्णा सेन. याच अपर्णा सेनने त्याआधी दहाएक वर्षांपूर्वी 'बॉम्बे टॉकी'त शशी कपूरच्या बायकोचं काम केलं होतं. तेव्हा जेनिफर होती त्या संसारात शिरलेली परकी बाई.

चित्रपटवाले हे किस्सा म्हणून सांगतात. सांगून पुढे जातात. तिथे जरा थांबायला हवं.

कारण जेनिफरची ओळख आपण अजूनही नात्यानेच करून देतो. शशी कपूरची इंग्रज बायको. पृथ्वीराजांची सून. रणबीर आणि करीनाची चुलत आजी. इंग्लंडात हीच बाई फेलिसिटी केंडलची थोरली बहीण होते. ती गेली १९८४ साली. तेव्हापासून चाळीस वर्षं तिच्यावर जे काही लिहून येतं, त्याच्या पहिल्या वाक्यात कोणीतरी पुरुष असतो किंवा कोणीतरी तिच्याहून प्रसिद्ध असतो. आणि ही बाई वाढली कुठे? तर बापाला भाऊ करताना कुणाची पापणी लवत नाही, अशा घरात. तिथे कोण कुणाचं कोण लागतं, हे नाटकागणिक ठरायचं.

घराचं आडनावसुद्धा तसंच. जेफ्री यांचं मूळ आडनाव ब्रॅग. उत्तर इंग्लंडात तेव्हाच्या वेस्टमोरलंड परगण्यात केंडल नावाचं गाव आहे. तिथे १९०९ साली ते जन्मले. नट झाल्यावर त्यांनी गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं.  बायको लॉरा लिडेल, तीही नटी. १९३३ साली साउथपोर्टला जेनिफर झाली. तेरा वर्षांनी फेलिसिटी. दोघींनी तेच आडनाव जन्मभर मिरवलं. आज 'केंडल घराणं' असं आपण मोठ्या आदराने म्हणतो. त्या घराण्याचा मूळपुरुष ब्रॅग होता आणि आडनाव फलकासाठी निवडलेलं होतं, हे मात्र म्हणत नाही.

मग या मंडळींकडे होतं काय? कंपनी होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी नाटकं करायला जेफ्री आणि लॉरा हिंदुस्थानात आले. इंग्रजांचं राज्य आवरायला लागलं, बाकीचे साहेबलोक गाशा गुंडाळून बोटीत बसायला लागले, तेव्हा हे उलट्या दिशेने परत आले. 'शेक्सपिअराना' ही त्यांची कंपनी १९४७ पासून इथल्या शाळांमध्ये, कॉन्व्हेंटांमध्ये, छावण्यांमध्ये, संस्थानिकांच्या महालांमध्ये शेक्सपिअर करत फिरली. रेल्वे, ट्रंका, आज हा गाव, उद्या तो गाव. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे बिऱ्हाड ओळखीचं वाटेल. फक्त इथे माणसं फार थोडी. त्यामुळे प्रत्येकाला सगळंच करावं लागे. नऊ महिन्यांची फेलिसिटी 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रंगमंचावर आली. ते कौतुक वगैरे काही नव्हतं. नाटकात एक लहान मूल लागतं आणि घरात एक लहान मूल होतं.

जेनिफर या कंपनीची प्रमुख नटी झाली. 'टेम्पेस्ट'मधली मिरांडा तिची, इतरही नायिका तिच्या. पडदा पडला की पोशाखांच्या घड्या, सामानाची बांधाबांध, पुढच्या गावची तयारी. कंपनीत हिंदी नटही होते. उत्पल दत्त त्यांतलेच. पुढे पृथ्वीराज कपूरांच्या फिरत्या कंपनीतला एक पोरगेला मुलगा तिच्या प्रेमात पडला आणि 'शेक्सपिअराना'त दाखल झाला. शशी तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिच्या वडिलांना हे लग्न पसंत नव्हतं. या नापसंतीत गोऱ्या-काळ्याचा भाग किती होता, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्यात कंपनीमालक जास्त दिसतो. मुलगी लग्न करून जाते तेव्हा बापाच्या डोळ्यांत पाणी येतं. प्रमुख नटी जाते तेव्हा मालकाचे प्रयोग बंद पडतात. जेफ्री यांच्यावर दोन्ही एकाच दिवशी आलं. १९५८च्या जुलैत मुंबईत लग्न झालं. कंपनीत तिच्या जागी हळूहळू धाकटी उभी राहिली.

आता 'शेक्सपियर वाला' बघा. १९६५चा चित्रपट. इस्माइल मर्चंट निर्माते, जेम्स आयव्हरी दिग्दर्शक, संगीत सत्यजित राय यांचं. गोष्ट सरळ या कुटुंबावर बेतलेली. स्वतंत्र भारतात गावोगाव फिरणारी इंग्रज नाटक कंपनी, आटत चाललेला प्रेक्षक, आईबाप आणि एक तरुण मुलगी. आईबापांची कामं जेफ्री आणि लॉरा यांनी केली. मुलगी लिझी झाली फेलिसिटी. ती ज्याच्या प्रेमात पडते तो संजू म्हणजे शशी कपूर. आणि जेनिफर? ती डोंगरावरच्या एका हॉटेलची मालकीण आहे. मिसेस बोवेन. दोन-चार मिनिटांचं काम.

याला कारण आहे आणि ते रास्त आहे. नायिका अठरा-एकोणीस वर्षांची हवी होती. जेनिफर तेव्हा तिशी ओलांडलेली होती, दोन मुलांची आई होती. तक्रार करण्यासारखं काही नाही. तरी पडद्यावर जे घडतं ते नीट बघण्यासारखं आहे. इंग्रज नटी आणि हिंदी तरुण यांचं प्रेम, ही गोष्ट थोरलीची. ती धाकटीला दिली गेली. तिच्या नवऱ्यासकट दिली गेली. मात्र शेवट बदलून दिला. चित्रपटातला संजू लग्नापर्यंत येत नाही. लिझी बोटीत बसून इंग्लंडला निघते. खऱ्या आयुष्यात तो आला होता आणि ती राहिली होती. राहिलेली बाई हॉटेलच्या पडवीत बाजूच्या पात्रात उभी आहे.

चित्रपटाला तो शेवट हवाच होता. साम्राज्य संपलं, शेक्सपिअर संपला, आता घरी चला, ही हुरहूर पश्चिमेत विकली जाते. थोरलीने इथे संसार थाटला होता. तिची मुलं मुंबईत वाढत होती. या गोष्टीत हुरहूर कुठून आणणार? म्हणून तिला चित्रपटात जागा नव्हती. धाकटी मात्र चित्रपटातल्या लिझीसारखीच खरोखर इंग्लंडला गेली. बीबीसीच्या 'द गुड लाइफ' मालिकेने १९७५नंतर ती घराघरांत पोचली. टॉम स्टॉपर्डने आपल्या नाटकांत तिला भूमिका दिल्या. ती केंडल घराण्याची प्रसिद्ध मुलगी ठरली. यात तिचा दोष नाही. उत्तम नटी आहे ती.

थोरलीच्या पुढच्या चित्रपटांची यादी मात्र एका हाताच्या बोटांवर येते. 'बॉम्बे टॉकी'. मग 'जुनून'मधली मरियम. सत्तावनच्या बंडात मुलीला वाचवण्यासाठी पठाणाच्या घरात राहून त्यालाच अडवणारी आई. तो पठाणही शशी कपूरच. मग '३६ चौरंगी लेन', 'हीट अँड डस्ट', आणि रायांच्या 'घरे बाइरे'तली मिस गिल्बी. व्हायोलेटसाठी ब्रिटिश अकादमीचं नामांकन मिळालं. आपल्याकडे त्या वर्षीचा अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार 'उमराव जान'च्या रेखाला गेला.  फिल्मी हिशेबाने हे करिअर फार तोकडं आहे. इतकी समर्थ नटी आणि इतकं थोडं काम, असं म्हणून लेखक मंडळी हळहळतात. नवऱ्यासाठी, मुलांसाठी त्याग केला, असंही त्यात घालतात.

हा हिशेबच मुळात कपूरांचा आहे. तिथे वारसा म्हणजे चेहरा. आजोबांचं नाक, काकांचे डोळे, पहिल्या चित्रपटाचा मुहूर्त. कोण हिरो झाला, कोणाचा चित्रपट चालला, यावर पिढी मोजली जाते. केंडलांकडे मोजायची रीत वेगळी होती. आज प्रयोग झाला का? वेळेवर सुरू झाला का? जे काम पडलं होतं ते कोणी उचललं? मोठं काम, छोटं काम हा भेद तिथे परवडणाराच नव्हता. तीच मुलगी मिरांडा होते आणि तीच नंतर हॉटेलची मालकीण होते. तिला त्यात अपमान वाटला असेल, असं मानायला कुठलाच आधार नाही. आपल्याला वाटतो, कारण आपण कपूरांच्या बाजूने बघतो.

तिने उचललेलं सगळ्यात मोठं काम जुहूला उभं आहे. पृथ्वीराजांची कंपनी १९४४ पासून सोळा वर्षं गावोगाव फिरली. स्वतःचं नाट्यगृह असावं, ही त्यांची इच्छा होती. जुहूला जागाही घेतली होती. १९७२ साली ते गेले, इच्छा तशीच राहिली. मग शशी आणि जेनिफरने विश्वस्त संस्था काढली. वेद सेगन या वास्तुरचनाकाराने आराखडा केला. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी पृथ्वी थिएटर सुरू झालं. पैसा शशीचा. तो तेव्हा दिवसाला तीन-तीन पाळ्या करून मिळेल त्या मसालापटात नाचत होता. नाव सासऱ्यांचं. कारभार जेनिफरचा.

ते नाट्यगृह कपूरांसारखं अजिबात नाही. जेमतेम दोनशे माणसं बसतात. प्रेक्षक तीन बाजूंनी, रंगमंचाच्या इतके जवळ की नटाचा घाम दिसतो. भव्य पडदा नाही, झुंबर नाही. नवख्या गटांना परवडेल असं भाडं. आणि तिसरी घंटा झाली की दार बंद. मग आत प्रवेश नाही. मराठी नाट्यगृहांत तिसऱ्या घंटेनंतर मोबाइलच्या उजेडात खुर्च्या शोधणारी कुटुंबं ज्यांनी सोसली आहेत, त्यांना या एका नियमाची किंमत कळेल. हा नियम सिनेमावाल्यांच्या घरातून आलेला नाही. सिनेमात वाट बघतात. हिरो आला की शूटिंग सुरू. मूठभर माणसांच्या जिवावर परक्या गावात पडदा वर न्यायचा असतो, तिथे कोणाचीच वाट बघून चालत नाही. जुहूच्या त्या इमारतीवर पाटी पृथ्वीराजांची आहे, शिस्त 'शेक्सपिअराना'ची आहे.

आणि पहिलं नाटक कोणतं? शेक्सपिअरच्या नावाने कंपनी चालवणाऱ्याची मुलगी नाट्यगृह उघडते, तेव्हा तिथे काय लागेल अशी अपेक्षा असते? लागलं 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. आपल्या गो. पु. देशपांड्यांचं. मराठीत ते डॉ. श्रीराम लागूंनी आधी केलेलं होतं. इथे हिंदीत नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, बेंजामिन गिलानी. एका विद्यापीठातल्या डाव्या प्राध्यापकाची चौकशी समितीसमोर होणारी उलटतपासणी. गाणी नाहीत, सेट नाही, नुसती चर्चा. धंद्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. नाटकाच्या दृष्टीने तो बरोबर होता. त्या घडीला चांगलं नाटक कोण लिहितंय, हा प्रश्न विचारून केलेली ती निवड होती. माहेरच्या वैभवाची आठवण काढायची असती, तर 'टेम्पेस्ट' हाताशी होतं. सासऱ्यांना आदरांजली वाहायची असती, तर त्यांच्या कंपनीचं 'दीवार' किंवा 'पठाण' होतं. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या गोष्टीची नोंद ठळक असायला हवी. ती सहसा तळटीपेत असते.

तिला जेमतेम सहा वर्षं मिळाली. कर्करोगाने ७ सप्टेंबर १९८४ला लंडनमध्ये ती गेली. त्यानंतर दर वर्षी २८ फेब्रुवारीला, तिच्या वाढदिवशी, पृथ्वीत मैफल होत राहिली. झाकिर हुसेन कित्येक वर्षं तिथे वाजवत आले. श्रद्धांजलीची भाषणं करण्यापेक्षा हे बरं.

मुलांचं काय झालं, हेही फिल्मी पानांवर ठरलेल्या सुरात येतं. कुणालने 'विजेता' केला, 'उत्सव' केला, पुढे हिरो झाला नाही. करणने 'सल्तनत' केला, मॉडेलिंग केलं, पुढे हिरो झाला नाही. संजनाने 'हिरो हिरालाल' केला, पुढे हिरॉइन झाली नाही. तिघांच्या नावापुढे एकच शेरा. कपूर असूनही चालले नाहीत. मामला आटोपला.

आता हेच आईच्या बाजूने मांडा. संजनाने जवळजवळ दोन दशकं पृथ्वीचा गाडा ओढला. मुलांसाठीची नाट्यशिबिरं, महोत्सव, तालमींच्या तारखा, तिकिटं, गळकं छप्पर. मग २०१२च्या सुमारास ती बाहेर पडली आणि नाटक शाळांपर्यंत, गावांपर्यंत नेणारी संस्था तिने उभी केली. नाव ठेवलं 'जुनून'. कुणाल जाहिरातपट करत होता, त्याने पृथ्वी हाती घेतलं. करण छायाचित्रकार झाला आणि इंग्लंडला गेला.  मुद्दा असा, की पुढे यांतल्या कोणीही चेहऱ्यावर पोट भरलेलं नाही. तिघांनाही तो भरपूर मिळाला होता. तिघांनी तो बाजूला ठेवला आणि हाताला काम शोधलं. कपूरांच्या वहीत याला अपयश म्हणतात. ब्रॅग नावाच्या एका माणसाने आडनाव टाकून कंपनी काढली, त्याच्या वहीत याला दुसरं काय म्हटलं असतं?

आपण अर्थातच पहिली वही उघडतो. सोपं पडतं. वंशवृक्ष काढायचा, खाली फोटो चिकटवायचे, जेनिफरच्या फोटोखाली 'शशी यांची पत्नी' असं लिहायचं.

मे २०१५मध्ये शशी कपूरला दादासाहेब फाळके पुरस्कार प्रदान झाला. तब्येतीमुळे दिल्लीला जाणं शक्य नव्हतं. माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री अरुण जेटली स्वतः मुंबईला आले. चित्रपटातला सर्वोच्च सन्मान द्यायचा तर मुंबईत सभागृहांची, स्टुडिओंची वाण नव्हती. शशीला तो दिला गेला पृथ्वी थिएटरात. व्हीलचेअरवर बसून त्याने तो घेतला. त्या जागेत तो सन्मान का दिला गेला आणि ती जागा कोणी चालती केली, याची बातमी करायला चांगला वाव होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत कपूर घराण्यातलं कोण कोण हजर होतं, त्यांची नावं आली.